फिशटँकमधे गोगलगायी वाढल्यात? आधी खाण्याचा डबा बघा

नवीन झाडं आणून टाकीत लावली की आठ-पंधरा दिवसांनी काचेवर एक इवलीशी गोगलगाय दिसते, आपण म्हणतो वा, बरी आहे की, शेवाळं खाईल, आणि मग दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रात्री पाणी प्यायला उठतो, हॉलचा लाइट लावतो आणि बघतो तर सगळी काच ठिपक्या ठिपक्यांची. माझ्याकडे अगदी असंच झालं. दोन फुटी टाकी, साधारण ५० लिटर पाणी, गप्पी मासे, चेरी श्रिंप (बारकी लाल कोळंबी), वॅलिसनेरिया हे लांब पानांचं पाणझाड आणि थोडं मॉस. त्या रात्री टॉर्च घेऊन फक्त समोरच्या काचेवरच्या मोजल्या तर १४० भरल्या, वाळूतल्या आणि झाडांतल्या वेगळ्याच.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते तुम्ही करू नका म्हणून आधी तेच सांगते. दुकानातून गोगलगायी मारायच्या औषधाची बाटली आणली आणि वर लिहिलं होतं तेवढी टाकली. गोगलगायी मेल्या, खरंच मेल्या, पण त्या वाळूत आणि मॉसमधे जिथे होत्या तिथेच मेल्या आणि कुजायला लागल्या, तिसऱ्या दिवशी पाण्याला दुधाळ रंग आणि एक घाण वास, पाणी तपासायच्या टेस्ट किटमधे अमोनियाचा रंग गडद हिरवा म्हणजे माशांना विषारी असा अमोनिया खूप वाढलेला, गप्पी वर येऊन तोंडं उघडझाप करतायत. श्रिंप तर पहिल्याच दिवशी गेल्या होत्या, एकूण एक, कारण त्या औषधात तांबं होतं आणि तांबं गोगलगायीला जितकं विषारी तितकंच श्रिंपला. आणि एवढं सगळं होऊन दीड महिन्यात गोगलगायी परत हजर. अंडी वाचली होती, आणि मुख्य म्हणजे त्या ज्यावर वाढल्या होत्या ते अन्न अजून टाकीत रोज पडतच होतं.

हे डोक्यात नीट बसलं की बाकी सगळं सोपं आहे. टाकीत किती गोगलगायी राहणार हे त्यांना किती खायला मिळतं त्यावर ठरतं. शंभर काढल्या आणि खाणं तेवढंच ठेवलं तर परत शंभर होणार, कारण ब्लॅडर स्नेल आणि रॅम्सहॉर्न या झाडांबरोबर येणाऱ्या दोन्ही जाती उभयलिंगी असतात, एकटी राहिलेलीसुद्धा अंडी घालू शकते.

आधी तुमच्याकडे कुठली आहे ते बघा. ब्लॅडर स्नेल म्हणजे ती छोटी बदामी रंगाची, पातळ शंखाची, भराभर पळणारी आणि कधीकधी पाण्यात उलटी तरंगणारी. शंखाचं टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं तर उघडं तोंड डाव्या हाताला येतं, ही तिची पक्की खूण. रॅम्सहॉर्न चपटी, चकलीसारखी वेटोळी, तपकिरी किंवा लालसर, तो लाल रंग खरा रक्ताचाच असतो कारण तिच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं. या दोघींची अंडी झाडाच्या पानाखाली, काचेवर, फिल्टरच्या पाइपवर जेलीच्या पारदर्शक ठिपक्यात असतात, फालुद्यातला भिजलेला सब्जा बघितलाय ना, साधारण तसं, फक्त आतले ठिपके पांढुरके. आपल्या हवेत एक ते दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर.

तिसरी मलेशियन ट्रम्पेट, लांबट टोकदार, छोट्या आईस्क्रीमच्या कोनासारखी. हिची गोष्ट वेगळी आहे. ही अंडी घालतच नाही, थेट पिल्लं देते, नराशिवाय देते, आणि दिवसभर वाळूत गाडून घेऊन बसते, त्यामुळे आपल्याला वाटतं चार-पाचच आहेत आणि रात्री दोन वाजता टॉर्च मारला की वाळूच चालताना दिसते. घाबरू नका, वाळू खालून हलवत राहते म्हणून ही खरंतर कामाची आहे, माझ्याकडे मी मुद्दाम ठेवलीये. आणि एक लक्षात ठेवा, या ट्रम्पेट भर दिवसा सगळ्या एकदम काच चढून वर पाण्याच्या रेघेला आल्या तर काहीतरी बिघडलंय, ऑक्सिजन कमी झालाय किंवा अमोनिया वाढलाय, लगेच पाणी तपासा. मासे तडफडायच्या आधी त्या सांगतात.

मोठ्या पिवळ्या किंवा जांभळ्या मिस्टरी स्नेल आपण स्वतः विकत आणलेल्या असतात, त्यांना आवरणं सगळ्यात सोपं. त्या पाण्याच्या वर, झाकणाला किंवा काचेच्या वरच्या पट्टीला फिकट गुलाबी अंड्यांचा घोस चिकटवतात, तो दिसला की जुन्या एटीएम कार्डाने खरवडून टाकायचा, झालं. नेराइट नावाच्या गोगलगायीची अंडी गोड्या पाण्यात वाढतच नाहीत, फक्त दगडा-लाकडावर पांढरे तीळ चिकटल्यासारखे दिसतात आणि निघता निघत नाहीत, तेवढं चालत असेल तर गोगलगाय हवी पण पिलावळ नको असणाऱ्यांसाठी नेराइट सगळ्यात चांगली.

आता खाणं. आमच्या घरी काय व्हायचं ते सांगते, बहुतेक घरांत हेच होत असणार. बाबा पूजा झाली की माशांना चिमूटभर घालायचे. मी ऑफिसला निघताना घालायची. पुतणी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी टाकीपाशी, मासे काचेला येतात म्हणून तिला वाटायचं भुकेले आहेत, ती घालणार. रात्री आई. चौघांना वाटायचं आपण एकदाच घालतोय. पाच-सहा गप्पी खाऊन खाऊन किती खाणार, उरलेले दाणे वाळूत जातात, फुगतात, त्यावर पांढरी बुरशी धरते आणि तिथे गोगलगायींची पंगत बसते.

यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे बाबांचा गोळ्यांचा डबा. म्हणजे तो सोमवार ते रविवार असे सात कप्पे असलेला प्लॅस्टिकचा डबा मिळतो ना मेडिकलमधे, तसा अजून एक आणला. रविवारी सकाळी मी एकेका कप्प्यात त्या दिवसाचे दाणे भरते आणि मोठा डबा कपाटात. कप्पा रिकामा दिसला की आज खाऊन झालंय, कुणी परत घालायचं नाही, आणि घालायला काही हाताशी नसतंच. गुरुवारचा कप्पा रिकामाच ठेवते, मोठ्या निरोगी माशांना आठवड्यातून एक दिवस उपास अजिबात बाधत नाही (टाकीत गप्पीची बारकी पिल्लं असतील तर उपास करू नका, त्यांना थोडं थोडं दोनदा लागतं). किती घालायचं, तर एक-दोन मिनिटांत संपेल एवढंच, तळाला दाणा पोचला की जास्त झालं समजा. पहिले आठ दिवस सगळ्यांना वाईट वाटतं कारण मासे समोर येऊन नाचतात. ते तसंच करतात, पोट भरलेलं असलं तरी.

आणि मोजा. अंदाजाने नको. दर रविवारी रात्री टाकीचा लाइट बंद करून दोन तासांनी टॉर्च घ्यायचा, फक्त समोरची काच मोजायची आणि कॅलेंडरवर आकडा लिहायचा. खाणं आवरल्यावरही पुढच्या रविवारी माझा आकडा १५० झाला होता आणि मला वाटलं काही उपयोग नाही, पण आधीची अंडी फुटत असतात त्यामुळे पहिले दोन आठवडे आकडा वाढला तरी चालेल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उतरायला लागतो. मोठ्या हळूहळू संपतात, पिल्लं उपाशी असली की भराभर वाढत नाहीत आणि अंडी कमी पडतात. अडीच महिन्यांनी माझा आकडा २० च्या आत आला तो एक अपवाद सोडला तर तिथेच आहे.

तोपर्यंत हाताने काढायच्या. सगळ्यात चांगला सापळा काकडीचा किंवा दुधीचा. जाड चकती करायची, दोन मिनिटं उकळायची म्हणजे मऊ पडते आणि बुडते, गार करून स्टीलच्या काट्याला टोचून लाइट बंद केल्यावर टाकीत ठेवायची. पालकाचं पान पण चालतं. सकाळी उठल्या उठल्या काटा सावकाश उचलायचा, खाली जाळी धरायची कारण निम्म्या उचलताना पडतात. पहिल्या रात्री माझ्या एका दुधीच्या चकतीवर ४३ आल्या होत्या, चकती दिसतच नव्हती. भाजी सकाळी काढायचीच, विसरून दिवसभर राहिली तर ती कुजून गोगलगायींना मेजवानी आणि पाणी खराब, म्हणजे केलेलं सगळं उलटं. आठवड्यातून दोन-तीन रात्री पुरे. बाटलीचा सापळा पण करतात, छोटी बाटली, बाजूला बारीक भोकं, आत एखादा दाणा आणि वजनाला खडा, पण श्रिंप किंवा लहान मासे आत अडकणार नाहीत एवढी भोकं लहान ठेवा.

अंडी दिसली की नखाने किंवा जुन्या ब्रशने काढून टाका, काचेवरची तर कार्डाने एका फटक्यात निघतात. बारीक गोगलगायी काचेवर चिरडल्या तर मासे आवडीने खातात, बेटा आणि गोल्डफिश तर तुटून पडतात, पण एका वेळी चार-पाचच, पन्नास चिरडून ठेवू नका, परत तोच अमोनिया.

पाणी बदलताना दर आठवड्याला २५ ते ३० टक्के, आणि नळी पाण्यात नुसती धरू नका, वाळूच्या वर फिरवून तळाची घाण ओढा, कोपरे आणि फिल्टरच्या खालची जागा विशेष. सडकी पानं तोडून टाका. गोगलगायी चांगल्या हिरव्या पानांना सहसा हात लावत नाहीत, त्या मरायला टेकलेलं पान खातात आणि आपण म्हणतो यांनीच भोकं पाडली. फिल्टर पण उघडून बघा, स्पंजमधे आणि मोटरच्या पंख्याशी बारक्या जाऊन बसतात आणि फिल्टर घरघर करायला लागतो. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली धरला तर क्लोरिनने त्यातले चांगले बॅक्टेरिया मरतील.

पाण्याबद्दल थोडं. मुंबईला नळाला तलावांचं पाणी येतं, ते मऊ असतं, म्हणजे कॅल्शियम कमी, त्यात गोगलगायींचे शंख पांढरे पडतात, खड्डे पडतात. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी वापरणाऱ्यांकडे कॅल्शियम भरपूर म्हणून शंख टणक आणि पिलावळ जोरात. म्हणून पाणी मऊ करून यांना मारू असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, त्यात माशांचे हाल होतात. मऊ पाण्यात नेराइट पाळायची असेल तर पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेनाचा तुकडा टाकीत टाकतात.

गोगलगायी खाणारा मासा आणू का, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. दुकानात गेलात की हमखास लोच जातीचे मासे दाखवतील. क्लाऊन लोच घेऊ नका, आता बोटाएवढा आहे पण तो फूटभर होतो, दोन फुटी टाकीत त्याचं आयुष्य म्हणजे शिक्षा. झेब्रा लोच छान आहे, आठ-दहा सेंटिमीटर होतो, गोगलगाय शंखातून ओढून खातो, पण हा मासा आपल्या सह्याद्रीतला आहे, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कृष्णेच्या खोऱ्यातल्या ओढ्या-नद्यांचा, जगात दुसरीकडे कुठे नाही, आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत तो धोक्यात आलेल्या प्रजातींमधे आहे. गोगलगायी मारायला म्हणून एक उचलून आणायचा आणि त्या संपल्या की कुणाला तरी देऊन टाकायचा हे मला पटत नाही. पाळायचाच तर पाच-सहांचा घोळका, निदान तीन फुटी टाकी, मऊ वाळू, लपायला जागा, आणि त्याच्यासाठी म्हणून पाळा. पी पफर, तो केरळकडच्या नद्यांतला जेमतेम इंचभराचा मासा, गोगलगायींवर जगतोच, पण गप्पींच्या शेपट्या कुरतडतो, त्याला स्वतंत्र टाकी हवी.

असॅसिन स्नेल मात्र लहान टाकीत चालते. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, वाळूत लपून बसते आणि दुसऱ्या गोगलगायींना खाते. ५० लिटरला तीन-चार पुरेत. काम सावकाश करते, दोन-तीन महिने धरा. तुमच्या महागाच्या नेराइट आणि मिस्टरीलाही ती खाईल हे ध्यानात ठेवा, आणि नर-मादी दोन्ही आल्या तर तीही वाढते, पण हळू.

नवीन झाडं आणताना घेतलेली काळजी सगळ्यात स्वस्त पडते. क्रॉफर्ड मार्केटमधून आणा नाहीतर ऑनलाइन, झाड घरी आलं की आधी बादलीत. मुळांना गुंडाळलेलं शिसं आणि स्पंज काढून टाका, पानांच्या खालच्या बाजूवरून बोटं फिरवा, काही चिकट लागलं तर अंडी आहेत. मग चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा तुरटीची पूड विरघळवून त्यात दोन-तीन तास, नंतर साध्या पाण्यात तीन-चार वेळा खळबळून घ्या. तुरटीने चालत्या-फिरत्या गोगलगायी जातात पण अंड्यांची खात्री नाही, म्हणून खरा उपाय वेळ आहे: खिडकीतल्या उजेडात बादलीत तीन-चार आठवडे ठेवा, जी अंडी फुटायची ती फुटतील, दिसली की काढा, मगच टाकीत. एवढा धीर नसेल तर बंद कपातली टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली झाडं घ्या, त्यात गोगलगायी नसतात.

गावच्या तळ्यातलं, ओढ्यातलं झाड मात्र आणूच नका, कितीही सुंदर दिसलं तरी. आपल्याकडच्या रानटी चकलीछाप गोगलगायींतून गुरांच्या नाकात होणाऱ्या कृमींचा आजार पसरतो, ज्यात जनावर घोरल्यासारखा आवाज करतं, आणि त्याच कृमींच्या पिल्लांनी पाण्यात हात घालणाऱ्या माणसालाही खाज सुटून पुरळ येतं. टाकीत हात आपण रोज घालतो.

औषधांचं वर सांगितलंच, पण एक अजून, कारण आमच्या कोकणातल्या काकांनी मला मनापासून सुचवलं होतं: मोरचूद. सुपारीवर बुरशीसाठी बोर्डो मिश्रण फवारतात त्यातलं तेच. मोरचूद म्हणजे तांबंच, मऊ पाण्यात ते आणखी जहाल, आणि वाळूत मुरून बसतं, नंतर कधी श्रिंप आणल्या तरी मरतात. माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या काही औषधांतही तांबं असतं, लेबल वाचून घ्या. मीठ घालून पण ट्रम्पेट मरत नाही, ती बऱ्यापैकी खारं पाणी सोसते, त्याआधी तुमची झाडं जातात.

टाकी पूर्ण रिकामी करून परत लावायची असेल तर वाळू स्टीलच्या बादलीत घेऊन वरून उकळतं पाणी ओता (काचेच्या टाकीत उकळतं पाणी कधीच नाही, तडा जाईल) आणि एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर आठवडाभर पसरा. नुसतं सुकवून ट्रम्पेटचा भरवसा नाही, ती शंखाचं झाकण लावून आत ओल धरून बरेच दिवस राहते.

काढलेल्या गोगलगायी बेसिनमधे, नाल्यात, सोसायटीच्या कमळाच्या कुंडात सोडू नका, मिस्टरी तर नाहीच नाही, बाहेरच्या पाण्यात त्या पसरल्या की परत आणता येत नाहीत. कुणाकडे पफर असेल तर त्याला द्या, तो खूश होईल. नाहीतर वेगळ्या डब्यात घालून रात्रभर फ्रीजरमधे, आणि मग गुलाबाच्या नाहीतर मोगऱ्याच्या कुंडीत खोल पुरा.

आणि गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली द्याल तेव्हा माशांचं खाणं देऊ नका. पाच-सात दिवस मोठे मासे काही न खाता मजेत राहतात. दहा दिवस जाणार असाल तर मधल्या दोन दिवसांचे दाणे कागदाच्या दोन पुड्यांत बांधून वर वार लिहून द्या, टाकीचा लाइट टायमरला लावा आणि मोठा डबा कपाटात कुलपात. शेजारच्या काकू फार मायाळू आहेत, मागच्या वर्षी डबा बाहेर राहिला होता, आम्ही परत आलो तेव्हा तो अर्धा संपला होता आणि रविवारचा आकडा ९० वर गेला होता.